मेकअप आणि कपड्यांवरचा पैसा कधी सार्थकी लागतो?

प्रश्न विचारणारी मुलगी २४ वर्षांची आहे. घर म्हापशाजवळ, नोकरी पणजीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर, हातात पगार २२ हजार. त्यातले चारेक हजार दर महिन्याला मेकअप आणि कपड्यांवर जातात. आई म्हणते, ‘पैसे पाण्यात घालतेस.’ फेब्रुवारीत भावाचं लग्न आहे, तेव्हा आणखी खर्च होणार. या खर्चाला काही अर्थ आहे का, की सगळं बंद करून पैसे बँकेत टाकावेत, असं तिने विचारलंय.

माझं फोंड्यात पार्लर आहे आणि बरीच वर्षं मी नवरीचा मेकअप करते. तुझ्या वयाच्या मुली रोज माझ्यासमोर खुर्चीत बसतात, म्हणून तुला ‘तू’च म्हणते.

बंद करू नकोस. पण चार हजार जास्त आहेत. निम्म्यात भागेल आणि आतापेक्षा तू जास्त नीटनेटकी दिसशील, हे मी खात्रीने सांगते, कारण पाणी कुठे मुरतं ते मला रोज दिसतं.

माझ्याकडे स्वतःचा मेकअप शिकायला येणाऱ्या मुलींना मी घरचा पाऊच जसाच्या तसा आणायला सांगते. तो टेबलावर उपडा केला की बहुतेकींचं चित्र एकच असतं. एक काजळ पेन्सिल, इतकी झिजलेली की बोटांत धरवत नाही. एक लिपस्टिक, तळाशी उरलेली ब्रशने कोरून काढलेली. आणि त्यांच्या शेजारी सात-आठ लिपस्टिक, ज्यांचं तिरपं टोक अजून तसंच धारदार आहे. अठरा रंगांची आयशॅडो पॅलेट, तिच्यातल्या तपकिरी आणि फिक्या गुलाबी खणांचा पत्रा दिसायला लागलेला, बाकी सोळा रंगांना बोटसुद्धा लागलेलं नाही. दोन फाउंडेशन, दोन्ही ‘मला शोभत नाही’ म्हणून बाजूला पडलेली.

ज्या वस्तूचा तळ दिसला तिचे पैसे वसूल झाले, मग ती दोनशेची असो की दोन हजारांची. जी अर्धीही संपली नाही ती सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळाली असली तरी महागच पडली. नऊशेची लिपस्टिक रोज लावून सहा महिने पुरली तर दिवसाला पाच रुपये पडतात. तीनशेची घेऊन तीनदाच लावली तर एका वेळेचे शंभर. तूही आज रात्री तुझा पाऊच असाच उपडा कर. कशाचा तळ दिसतोय ते वेगळं काढ. तुला खरोखर लागणाऱ्या वस्तूंची यादी तीच, आणि ती बहुधा पाच-सहा वस्तूंची निघेल. त्या वस्तू बिनधास्त चांगल्यातल्या घे.

उरलेल्या वस्तू ‘राहू देत, कधीतरी उपयोगी पडतील’ म्हणून ठेवायच्या, तर ते आपल्या गोव्यात चालत नाही. आपली दमट हवा आणि पावसाळ्याचे चार महिने ठेवणीतल्या वस्तूंना टिकू देत नाहीत. मेकअपच्या डबीवर उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यावर ६ किंवा १२ असा आकडा; डबी उघडल्यापासून तेवढे महिने ती वापरायची. मस्कारा तर तीन महिन्यांनी टाकूनच द्यावा, कारण त्याचा ब्रश डोळ्याला लागून परत नळीत जातो. बाथरूममध्ये ठेवलेल्या पावडरीच्या ब्रशला जुलैत कुबट वास येऊ लागतो, लिपस्टिकवर घामासारखे थेंब दिसतात. रेक्झिनच्या पर्सची तीच गत. तिच्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने विघटन होऊन सोलायला लागतो, न वापरतासुद्धा. खोक्यात जपून ठेवलेली सँडल दोन वर्षांनी लग्नाला म्हणून काढावी आणि मांडवात तिचा सोल चुरा होऊन पडावा, हे मी नवरीच्या पायातही पाहिलंय. म्हणून इथे मोठी बाटली, मोठा सेट, ‘एकावर एक मोफत’ यांच्या नादी लागू नये. छोटं घ्यावं, संपवावं, मग दुसरं आणावं.

आता तुझ्या नोकरीकडे येते. हॉटेलात समोर उभं राहणाऱ्या माणसाने नीट दिसावं ही अपेक्षा असते. बांधलेले केस, स्वच्छ नखं, हलकी लिपस्टिक, इस्त्रीचे कपडे. तुझा मेकअपचा काही खर्च हा कामाचाच खर्च आहे आणि तो करताना मनात अपराधीपणा आणू नकोस. पण कपड्यांचं काय? आठवड्यातले सहा दिवस तुझ्या अंगावर हॉटेलचा युनिफॉर्म असतो. म्हणजे महिन्याला दोन-तीन नवे ड्रेस घेतलेस तरी ते घालायला तुला चार-पाच सुट्टीचे दिवस मिळतात. तुझ्या चार हजारांतली मोठी गळती मला इथे दिसते. युनिफॉर्मखाली जे तुझं स्वतःचं असतं, म्हणजे बूट आणि आतले कपडे, त्यांवर पैसे घाल. नऊ तास उभं राहायचं तर पायांना टोचणारे स्वस्त बूट कंबर आणि चेहरा दोन्हीवर दिसतात. दुखऱ्या पायांनी उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा कुठल्याही फाउंडेशनने ताजा होत नाही.

नटल्याने पगार वाढतो का, हेही पुष्कळ मुली विचारतात. डॅनियल हॅमरमेश या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर शांघायमधल्या १९९६ सालच्या सर्वेक्षणावरून नेमकं हेच तपासलं होतं. कपडे आणि सौंदर्यप्रसाधनांवर जास्त खर्च करणाऱ्या बायका थोड्या जास्त चांगल्या दिसतात असं लोकांना वाटतं, पण खर्च वाढेल तसा हा फायदा कमी कमी होत जातो, आणि घातलेल्या पैशाचा अगदी लहान हिस्साच कमाईतून परत येतो, असं त्यांना आढळलं. बाकीचा खर्च हौशीचा. माझा अनुभव याहून वेगळा नाही. मेकअपमुळे कुणाला बढती मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. अगदीच गबाळं राहिल्याने संधी हुकल्याचं मात्र पाहिलंय. तेव्हा नीटनेटकं दिसण्यापर्यंतचा खर्च नोकरीच्या खात्यावर टाक आणि त्यापुढचा सरळ हौशीच्या. हौसेला माझा विरोध नाही. स्वतःच्या कष्टाच्या पैशातून आरशात बघून आनंद वाटावा, एवढा हक्क तुला आहे. फक्त तो खर्च ‘करिअरसाठी’ म्हणून स्वतःला पटवू नकोस, कारण तसं पटवलं की त्याला हद्द राहत नाही.

पहिला पैसा कशावर घालायचा, तर सनस्क्रीनवर. म्हापशाहून पणजीला स्कूटरने येतेस की बसने ते तू लिहिलेलं नाहीस, पण स्कूटर असेल तर हे तुझ्यासाठीच. एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० असलेलं सुमारे ९८. त्यामुळे ७० किंवा १०० च्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजू नकोस. त्याऐवजी डबीवर पीए आणि पुढे तीन किंवा चार अधिकची चिन्हं आहेत का बघ. काळे डाग पाडणारी, त्वचा लवकर म्हातारी करणारी यूव्हीए किरणं त्याने अडतात. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा येतील एवढं घ्यायचं. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून साधारण सव्वा महिन्यात संपायला हवी. बहुतेक मुलींची चार-चार महिने पुरते. म्हणजे त्या मटाराएवढं लावतात आणि ‘सनस्क्रीनचा काही उपयोग होत नाही’ म्हणतात. चारशेची ट्यूब नीट वापरली तर दिवसाला दहा रुपये. उन्हात राहायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि ढगाळ दिवशीही सोडायचं नाही. याच्या जोडीला दिवसभराच्या एसीसाठी साधं मॉइश्चरायझर. एवढं सहा महिने केलंस की फाउंडेशनची गरज आपोआप कमी होते.

फाउंडेशन घ्यायचंच तर दुकानातल्या दिव्याखाली हाताच्या पाठीवर लावून घेऊ नकोस. जबड्याच्या कडेला तीन जवळच्या छटांच्या तीन रेघा ओढायच्या आणि दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात जायचं. तिथे दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण घाम आणि तेल मिसळलं की बरीच फाउंडेशन काळवंडतात. मान आणि गाल यांच्यामध्ये जी रेघ दिसेनाशी होते ती तुझी छटा. सेल्सगर्ल बहुतेक वेळा एक छटा उजळ सुचवते, आणि आपल्यालाही ते ऐकायला आवडतं. बाजूला पडलेली ती दोन फाउंडेशन तिथूनच येतात.

याच उजळपणाच्या ओढीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय.

मध्यंतरी एक मुलगी साखरपुड्याआधी फेशियल करायला आली. चेहरा नुसत्या पाण्याने पुसला तरी ‘जळजळतंय’ म्हणाली. दिवा जवळ आणून पाहिलं तर नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल केसासारख्या बारीक शिरा दिसत होत्या, गालांवर लव वाढलेली, हनुवटीवर पुळ्या, आणि त्वचा इतकी पातळ की बोट टेकवलं तरी लाल व्हावी. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली एक ट्यूब ती वर्षभर लावत होती. सुरुवातीला गोरेपणा आला, सगळ्यांनी विचारलं ‘काय लावतेस गं?’, आणि बंद केली की चेहरा पेटायचा, म्हणून पुन्हा लावायची. ट्यूबवर बारीक अक्षरात मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन नावं होती. यातलं पहिलं स्टेरॉइड आहे. अशी मलमं त्वचारोगतज्ज्ञ ठरावीक विकारासाठी ठरावीक दिवसच देतात. २०१८ साली केंद्र सरकारने कितीतरी स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतात. मी फेशियल केलं नाही. तिला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात जायला सांगितलं, आणि ट्यूब स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नकोस हेही, कारण कशी सोडवायची ते डॉक्टरच ठरवतात. बरं व्हायला खूप महिने गेले. ट्यूब शंभर-सव्वाशेची होती. उपचाराचा खर्च आणि त्या काळातलं तिचं रडणं यांची त्या किमतीशी तुलनाच नको.

दुसरा धोका पाऱ्याचा. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा घालायलाच बंदी आहे. नकळत मिसळला गेला तरी दहा लाखांत एक भाग एवढीच मर्यादा. तरीही बाहेरून आलेल्या, बेनामी क्रीममध्ये तो सापडतो, कारण त्याने त्वचेचा रंग झटपट उजळतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विकाराचे रुग्ण एकापाठोपाठ आढळले आणि डॉक्टरांनी त्याचा संबंध अशाच गोरेपणाच्या क्रीमशी लावला. म्हणून कुठलंही क्रीम घेताना बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत बघ. परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. हे छापलेलं नसेल तर मैत्रिणीने दुबईहून आणलेलं असलं तरी परत दे. रंग बदलण्यासाठी एक रुपयाही घालू नकोस. सावळ्या रंगावर मोरपिशी, डाळिंबी, हळदी रंग असे उठून दिसतात की नवरीला सजवताना मला त्यातच जास्त आनंद होतो.

कपड्यांवर मी थोडक्यात सांगते, कारण तुझी गरज थोडी आहे. कपडा घेताना आधी खांदा बघ. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसत नसेल तर तो कितीही सुंदर असला तरी ठेव परत. कंबर, लांबी, बाही शिंपी शे-दीडशे रुपयांत बसवून देतो, पण खांदा आणि मुंढा उसवायचा म्हणजे कपडा नव्याने शिवण्यासारखं असतं. सहाशेचा कुर्ता अंगाबरोबर करून घेतला की दोन हजारांचा वाटतो. कापड सुती किंवा लिननचं, कारण पॉलिएस्टरमध्ये एप्रिल-मेच्या घामाने पाठीवर पुरळ येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावर गेलं की १८ टक्के आहे, हेही बिल करताना लक्षात ठेव. २,४०० आणि २,६०० मधला फरक दोनशेचा राहत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून. तुझ्या घराजवळच्या कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स, ज्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली आणि जे २०२० मध्ये गेले, त्यांनी आपली लाल चौकडीची कुणबी साडी रॅम्पवर नेली. शेतात कामाला सोयीची म्हणून आखूड नेसायची, खांद्यावर गाठ मारायची अशी ती साडी आज कॉलेजच्या मुली हौसेने नेसतात. हातमागाची एक चांगली सुती साडी जत्रेला, चवथीला, ऑफिसच्या कार्यक्रमाला, कुठेही चालते आणि दरवर्षी जुनी वाटत नाही. ऑनलाइन घेतलेल्या चार ड्रेसच्या पैशात ती येईल.

आईचं म्हणणं झटकून टाकू नकोस. तिच्या पिढीने पैसा सोन्यात घातला, कारण अडीअडचणीला ते मोडता येतं. पण सोन्यातही घडणावळ जाते ती जातेच, आणि ती घडणावळ हौशीचीच. हे तिच्याशी शांतपणे बोल. त्याआधी एक कर: दर महिन्याला पगार आला की बँकेत दोन हजारांची रिकरिंग ठेव सुरू कर, आणि पासबुक आईच्या हातात दे. उरलेल्या दोन हजारांचा हिशेब मग ती मागणार नाही. आयांना मी ओळखते. त्यांचा राग लिपस्टिकवर नसतो, मुलीच्या हाताशी काही उरत नाही या काळजीपोटी त्या बोलतात.

लग्नासाठी नवं काही लावून बघायचं असेल तर ते जानेवारीतच. लग्नाच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत नवीन फेशियल, पील, ब्लीच यांतलं काहीही करू नये. त्वचा बिघडली तर सावरायला वेळ मिळत नाही. केसांना रंग लावायचा तर ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून बघ, कारण त्यातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी चेहरा सुजवू शकते. काळ्या झटपट मेंदीतही तेच असतं, तिला सरळ नाही म्हण. आपली हिरव्या पानांची मेंदी रंगायला वेळ घेते पण हात सोलत नाही. तू करवली आहेस, नवरी नाहीस. मेकअपवालीचं मोठं पॅकेज तुला नको. माझ्यासारख्या कुणाकडेही तासभर बसून स्वतःचा मेकअप शिकून घे, त्या पैशात पुढची सगळी लग्नं निघतील. केसांत अबोलीचा वळेसर घालणार असशील तर फुलवालीला दोन दिवस आधी सांगून ठेव, लग्नसराईत सकाळी जाऊन मिळत नाही.

लेहंगा विकत घेऊ नकोस. तो एकदा नेसला की कपाटातली जागा अडवून बसतो. आईची लग्नातली रेशमी साडी असेल तर तीच नेस आणि फक्त ब्लाउज नवं शिवून घे. पण साडी आत्ताच, महिनाभर आधी बाहेर काढ आणि उजेडात पूर्ण उलगडून बघ. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच विरतं आणि जरीचे धागे काळे पडतात. काठाजवळ दोन बोटांनी हलकेच ताणून पाहा. धागे सुटत असतील तर ती नेसताना फाटेल, आणि दुसरी निवडायला तुझ्या हातात अजून वेळ आहे. चांगली निघाली तर घडी बदलून मलमलच्या फडक्यात गुंडाळ, अत्तर किंवा परफ्यूम जरीवर मारू नकोस, आणि ब्लाउजचं माप द्यायला जाताना साडी बरोबर घेऊन जा.